दोन हाका

फाल्गुनातला शनिवार होता. दुपारचे साडेतीन वाजले होते. मितेश सरांनी मला एक साधं काम सांगितलं.

“मामा, तिसऱ्या खोलीत जा. तिन्ही मशीन बंद करा आणि मागची निळी वायर दोन्हीकडून काढून खाली ठेवा.”

मी गेलो. मशीन बंद केली, वायरी काढल्या, खाली ठेवल्या. परत येऊन सांगितलं, “काढल्या.”

“तिन्ही?”

“आहेतच तीन.”

सर त्यांच्या स्क्रीनकडे बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, “मग हे कोण मागतंय?”

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे गावात शाळा नव्हती. तेव्हा मशीनबद्दल काही चुकीचं सांगितलं तर समजून घ्या. बाकी जे सांगतो ते मी पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे. त्यात माझ्या पदरचं काही नाही.

नाव बारकू. गाव वैशाखरे. चौतीस वर्षं कोतवाली केली. तलाठ्याचे निरोप, सभेची दवंडी, नोटिसा, सगळं मी पाड्यापाड्यांवर पोचवत होतो. माझ्या हातून एक नोटीस हरवली नाही. निवृत्त झाल्यावर मुरबाडला एका कॉम्प्युटर क्लासच्या मालकाने चाव्या सांभाळायला ठेवलं. क्लास भाताच्या जुन्या गिरणीत होता. मालकाने प्लायवूड ठोकून तिच्या तीन खोल्या केल्या होत्या. फरशीच्या फटीतून अजून कोंडा निघायचा. सकाळी उघडायचं, झाडायचं, पाणी भरायचं, दिवेलागणीला कुलूप लावायचं. हे दोन हजार सहा सालचं सांगतो.

माझी नात पूजा त्याच क्लासात नेटवर्कचा कोर्स करत होती. तिचे आईबाप पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात. ती माझ्यापाशी वाढली. रविवारी तिची परीक्षा होती. पास झाली तर कल्याणच्या एका ऑफिसात नोकरी ठरलेली. नापास झाली तर सोमवारी तिची आई तिला भट्टीवर न्यायला येणार होती.

आता सर काय शिकवायचे ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सर कल्याणकडचे, वयाने लहान, पण शिकवायची हातोटी होती. पोरांना पुस्तकातलं कळेना तेव्हा त्यांनी फळ्यावर डोंगर काढला आणि डोंगराखाली तीन पाडे काढले. म्हणाले, “पुस्तकात व्हीलॅन लिहिलंय, तुम्ही पाडा म्हणा. खोली एक म्हणजे पहिला पाडा. मशीन सुरू झालं की त्याच्याकडे नंबर नसतो. ते हाक मारतं, मला नंबर कोण देतं? नंबर देणारा सर्व्हर पहिल्या पाड्यात बसलाय. तो ओ देतो, मग नंबर मिळतो. पण तिसऱ्या पाड्यातली हाक पहिल्या पाड्यात ऐकूच जात नाही. मग काय पाहिजे?”

मी दारात पाण्याची कळशी घेऊन उभा होतो.

“मधी माणूस पायजे,” मी म्हणालो. “इकडची हाक तिकडं नेणारा.”

सर वळले. “बरोबर, मामा! त्यालाच रिले म्हणतात.”

पोरं हसली. मी हसलो नाही. चौतीस वर्षं मी तेच केलं होतं.

तर त्या शनिवारी परीक्षेची तालीम चालली होती. परीक्षेच्या कागदात लिहिलं होतं, तिसऱ्या पाड्यात तीन मशीन, सर्व्हरकडे त्या पाड्यासाठी तीन नंबर. रिले लिहायचा आणि तिन्ही मशीनना नंबर मिळवून द्यायचे. पूजाने रिले बरोबर लिहिला. दोन मशीनना नंबर मिळाले. तिसऱ्याला मिळाला नाही. कोणीच ओ दिली नाही तर मशीन स्वतःच स्वतःला एक नंबर लावून घेतं, एकशे एकोणसत्तरने सुरू होणारा. त्या नंबराने कुठे जाता येत नाही. तिसऱ्या मशीनवर तोच येऊन बसला.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. सरांनी वायरी बदलल्या. जिथे सगळ्या वायरी येतात तो डबा बदलून दुसरा लावला. तरी तेच.

मग सरांनी एक प्रोग्राम लावला. तारेवरून काय काय जातं ते त्यात ओळीओळीने दिसतं. आणि मला वायरी काढायला पाठवलं.

“हे बघा मामा,” सर म्हणाले. “तिसऱ्या पाड्यात आता एकपण मशीन नाही. तरी तिथून हाक येतेय. सर्व्हर नंबर काढून हातात धरतो, हे घ्यायलाच येत नाही. तीन नंबर, त्यातला एक असा अडकला. म्हणून तिसरं मशीन उपाशी.”

“किती हाका मारतं?” मी विचारलं.

“तेच तर चक्रावून टाकतंय. मशीनला ओ मिळाली नाही तर ते चारदा हाक मारतं. हे दोनदा मारतं. दोन झाल्या की गप्प. थोड्या वेळाने पुन्हा दोन.”

मी पाणी प्यायला गेलो.

सरांची साडेपाचची एसटी होती. जाताना म्हणाले, “प्रोग्रामचं मशीन तिसऱ्या खोलीत डब्यापाशी आणून चालू ठेवलंय. कुलूप लावायच्या आधी बघा, अजून ओळी येतायत का. सकाळी सांगा. नाहीतर उद्या परीक्षा घेणाऱ्याला काय तोंड दाखवणार.”

पूजा पायरीवर बसली होती. गुडघ्यावर वही होती, पण उघडलेली नव्हती.

“आजा, उद्या तिसऱ्या पाड्याला नंबर नाय लागला तर माझं गेलं.”

“परत दे परीक्षा.”

“परत कवा? आई परवा येतेय. मुकादमाला शब्द दिलाय तिनं.”

“मी सांगीन तिला.”

“तू सांगशील! तिच्यासमोर तुझं तोंड उघडत नाय.” मग म्हणाली, “भट्टीवर नको सांगू हां, मला रिले येतो म्हणून. दोन ढिगांच्या मधी उभं करतील, इकडची वीट तिकडं द्यायला.”

तिने हसायचा प्रयत्न केला. मला ते बघवलं नाही. “स्टँडवर जा,” म्हणालो. “बस धरून ठेव. मी कुलूप लावून आलो.”

ती गेली. मी आत आलो.

इथे मला आधीचं सांगावं लागेल. आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आमच्याकडे दिवेलागणीनंतर कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसऱ्या हाकेलाही देत नाहीत. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारतो. दुसरं काही असेल तर ते दोनदाच मारतं. आणि दोन हाकांवर जो ओ देईल तो त्याचा झाला. हे आम्हाला लहानपणीच शिकवतात.

सन चौऱ्याण्णव, श्रावण. माझ्या घराच्या खाली ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे एक पाडा. ओढ्याला पूर होता. मी गुरं बांधत होतो. तिन्हीसांज झाली होती. पलीकडून हाक आली.

“बारकूदादाऽऽ...”

पलीकडच्या पाड्यातली जना. आवाज मी ओळखला. पण ओळखीचा आवाज हीच तर त्याची खूण, असंही शिकवलेलं असतं. मी दावं हातात धरून उभा राहिलो. दुसरी हाक आली. मी तिसरीची वाट बघितली. पुष्कळ वेळ बघितली. तिसरी आली नाही.

सकाळी पूर ओसरला. जनाचं पावसात पांघरायचं इरलं करवंदीच्या जाळीत अडकलेलं सापडलं. पळसाची पानं, बांबूच्या सळीने टोचलेली. जना सापडली नाही. आजपर्यंत नाही. तिच्या घरचे म्हणाले, कोतवालाला निरोप सांगायला म्हणून गेली. काय निरोप, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पंचनाम्याला मीच हजर होतो, कोतवाल म्हणून. पोलिसाने सगळ्यांना विचारलं, कोणी हाक ऐकली का. माझ्याकडेही बघितलं. मी म्हणालो, “नाय.”

तेवढंच.

तर त्या शनिवारी मी तिसऱ्या खोलीत गेलो. बाहेर उजेड होता, पण त्या खोलीला खिडकी नाही. सरांच्या स्क्रीनचा तेवढा पांढरा उजेड. डबा कोपऱ्यात गुणगुणत होता. तिसऱ्या पाड्याच्या भोकांत एकही वायर नव्हती. वायरी मीच काढल्या होत्या, फरशीवर पडलेल्या होत्या. तरी तिथला एक हिरवा दिवा लुकलुकला. स्क्रीनवर एक ओळ आली.

त्याच वेळी वास आला. त्या खोलीत कोंड्याचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास असतो. हा वेगळा होता. भिजलेल्या पळसाच्या पानांचा. पाऊस पंधरा-पंधरा दिवस उघडला नाही की इरल्याला जो आंबूस वास येतो, तो. फाल्गुनात, कोरड्या खोलीत.

दिवा दुसऱ्यांदा लुकलुकला. दुसरी ओळ आली.

मग काही नाही. डब्याचं गुणगुणणंसुद्धा दूर गेल्यासारखं झालं. कोणीतरी तोंडाशी हात धरून, कान देऊन उभं आहे, असं मला वाटलं. बारा वर्षं उभं आहे.

स्टँडवर पूजा बस धरून बसली होती. तिची वही माझ्या डोळ्यांसमोर आली. दुसऱ्या दिवशी अडून राहणारा तो एक नंबरही आठवला.

मी म्हणालो, “ओ.”

आवाज माझाच होता, पण बारीक निघाला. म्हणून पुन्हा, नीट म्हणालो.

“ओ... जना. ऐकलं मी.”

हिरवा दिवा विझला. वास गेला. मी आणखी बराच वेळ स्क्रीनसमोर उभा राहिलो. एकही ओळ आली नाही. मी कुलूप लावलं आणि स्टँडवर गेलो.

रविवारी परीक्षा झाली. पूजाने रिले लिहिला. तिन्ही मशीनना तीन नंबर मिळाले, एका दमात. सर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “मामा, आपोआप सुटलं बघा. कधीकधी होतं असं.” मी मान हलवली. जनाला सर्व्हरचा नंबर नको होता. ओ माझी हवी होती.

परीक्षा घ्यायला आलेले गृहस्थ पोक्त होते. जाता जाता त्यांनी पूजाला तोंडी विचारलं. मी पाण्याचे पेले घेऊन बाजूलाच उभा होतो.

“नंबर कायमचा असतो का?”

“नाही सर. मुदतीवर असतो. आमच्याकडे आठ दिवसांच्या.”

“मग मुदत संपायची वाट बघतं मशीन?”

“नाही सर. अर्धी मुदत झाली, म्हणजे चौथ्या दिवशी, ते पुन्हा मागायला येतं. पण तेव्हा हाक मारत नाही. नंबर कोणी दिला ते त्याला माहीत असतं. सरळ त्याच्याकडे जातं.”

“आणि तो जागेवर नसला तर?”

“मग वाट बघतं. मुदत संपली की पुन्हा सगळ्यांना हाक मारतं. जो ओ देईल, त्याच्याकडून घेतं.”

“शाबास,” ते म्हणाले.

माझ्या हातातला एक पेला कलंडला. पूजाने माझ्याकडे रागाने बघितलं.

ती पास झाली. भट्टी टळली. तिची आई आली, रडली, जेवली आणि एकटीच परत गेली.

बुधवारी, म्हणजे शनिवारपासून चौथ्या दिवशी, मी घरी उंबऱ्याशी बसलो होतो. दिवा नुकताच लागला होता. हाक आली नाही. अगदी दाराशी, शेजारी बसलेल्या माणसाने बोलावं तसं कोणी म्हणालं, “दादा...”

तोच वास.

मी ओ दिली. न देऊन चाललं नसतं. मी नाही दिली तर ती सगळ्यांना हाक मारणार होती, आणि घरात दुसरं माणूस एकच होतं.

ओ दिल्यावर माझे पाय आपोआप उचलले. दोन पावलं. उंबऱ्यापासून अंगणात. मग सुटले.

पुढच्या चौथ्या दिवशी पाय मला आधी त्याच जागी घेऊन गेले आणि तिथून आणखी दोन पावलं पुढे. त्यानंतर प्रत्येक चौथ्या दिवशी हेच. ओ दिली की दोन पावलं जास्त, ओढ्याच्या दिशेने. माझ्या दारापासून ओढ्याच्या उतारापर्यंत तीनशे चव्वेचाळीस पावलं आहेत. मी मोजली. एवढी पावलं किती दिवस पुरतील त्याचाही हिशोब केला. पावणेदोन वर्षांच्या वर भरत होते. मला वाटलं, तेवढ्यात पूजाचं लग्न होईल, ती दुसऱ्या गावी जाईल. मग मी मोकळा.

तेव्हापासून मी गाव सोडून रात्र काढली नाही. क्लासची नोकरी सोडली. पूजा रोज घरून मुरबाडमार्गे कल्याणला जायची, यायची. मला विचारायची, “आजा, संध्याकाळ झाली की काय दारात बसून असतोस? कोण येणाराय?”

मी म्हणायचो, “दिवा लागल्यावर कोणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाय. कळलं ना?”

ती हसायची. “आमच्या ऑफिसात फोन पहिल्या रिंगला उचलावा लागतो. तीन रिंग झाल्या तर बोलणी बसतात.”

“ते ऑफिसात.”

“बरं बाबा. तीन तर तीन.”

पण ती तशी नाही. मी परड्यातून नुसता खाकरलो तरी “ओ आजा!” म्हणून धावत येते. लहानपणापासूनची सवय आहे. मीच लावली. मला उशिरा ओ देणारी माणसं आवडत नसत.

आता पौषात, गेल्या आठवड्यातल्या सोमवारी, पावलं संपली. मी ओढ्याच्या उतारावर पोचलो. पाणी घोट्याएवढं होतं. मी पुढचं पाऊल टाकायचं नाही म्हणून अंग मागे ओढलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ओढलं. आणि दगडावर आपटलो. खुब्याचं हाड मोडलं. रानातून येणाऱ्यांनी उचललं आणि मुरबाडच्या दवाखान्यात आणलं. तिथूनच हे सांगतो आहे. पायाला वजन बांधलं आहे. डॉक्टर म्हणतात, महिनाभर हलायचं नाही.

चौथा दिवस शुक्रवारी आला आणि गेला. मी इथे, कॉटवर. संध्याकाळी वॉर्डात दिवे लागले तेव्हा मी मोठ्याने ओ दिली. शेजारच्या कॉटवरचा माणूस म्हणाला, “काय हो, कोणाला?” दुसरं काही झालं नाही. मी जागेवर नव्हतो.

आठवा दिवस काल होता, मंगळवारी. पूजाला मी निरोप पाठवला होता की रात्री मुरबाडलाच मैत्रिणीकडे राहा. निरोप तिला पोचला नाही. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचे निरोप पोचवले.

आज सकाळी ती डबा घेऊन आली. पेज होती. वाटीत ओतता ओतता म्हणाली, “आजा, काल आपल्याकडं कोणतरी आलेलं. बाई होती.”

मी वाटी खाली ठेवली. “किती हाका मारल्या?”

“काय?”

“किती हाका, पूजे?”

“मोजतं कोण? मी चुलीशी होते. ‘पूजाऽऽ’ म्हणून आवाज आला. तू म्हणतोस ना तीन, म्हणून पहिलीला गप्प बसले. दुसरीला राहवलं नाय. इतकी लांबून ओरडत होती बिचारी. दिली ओ.”

“मग?”

“मग काय. कोणी नव्हतं. म्हणजे... बोलली ती. ‘बरं झालं गो, तिसरी मारायला नको,’ असं म्हणाली. आवाज तरणा होता. कोण असेल रे?”

“तू कुठं होतीस तेव्हा? दारात?”

ती आठवायला लागली. कपाळाला आठी घातली.

“नाय,” ती म्हणाली. “ओढ्यावर. पाण्यात उभी होते.”

“कशी गेलीस?”

“चालत गेले असेन ना. तू पण काय विचारतोस.”

मला तीनशे चव्वेचाळीस पावलांना पावणेदोन वर्षं लागली होती. ती एका ओमध्ये पोचली.

मी नर्सला बोलावलं. घरी सोडा म्हणालो. ती म्हणाली, “बाबा, पाय कापायचाय का?” डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक गोळी वाढवली.

पूजा डब्यावरचं झाकण लावत होती. पेज सांडू नये म्हणून तिने आतून पान घातलं होतं. पळसाचं पान. ओलं होतं. कडेला बांबूच्या सळीने टोचल्याची भोकं, एका ओळीत.

“हे कुठलं?”

“दारात पडलेलं,” ती म्हणाली. “बरं आहे ना, मोठं?”

तिने ते घडी घालून पिशवीत ठेवलं. बस चुकेल म्हणून उठली. दारातून वळून म्हणाली, “आजा, शनिवारी मला सुट्टी आहे. पण इकडं नाय येणार हां. संध्याकाळी घरीच थांबायचंय मला.”

“का?”

“माहीत नाय,” ती म्हणाली. “थांबायचंय.”

आज बुधवार. कालपासून चौथा दिवस शनिवारी येतो.